दातावरचा पांढरा डाग: भरायचा की थांबायचं?

हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग आहे, पण खड्डा नाही? मग दात लगेच कोरून भरून घेऊ नका. ही किडीची सुरुवात असते: तिथली फक्त खनिजं झिरपून गेलीत, ती परत बसू शकतात.

सुमारे 1000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट घ्या. आकडा ट्यूबवर असतो. काही ‘हर्बल’ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं घासा. रात्रीचं चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. नंतर फक्त थुंका. आपली खळखळून चूळ भरायची सवय इथे नडते, फ्लोराइड धुऊन जातं.

खरी मेख गोडाच्या वेळांत आहे. साखर तोंडात गेली की दातांवरचे जंतू तिचं आम्ल करतात, पीएच (आम्लतेचं माप; कमी म्हणजे जास्त आम्ल) 5.5 खाली उतरतो आणि पुढची वीस-तीस मिनिटं इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) विरघळतं. म्हणून जेवणानंतरचा एक लाडू परवडला, दिवसभर घोट-घोट गोड चहा नको.

डेंटिस्टकडून दर 3-6 महिन्यांनी फ्लोराइड वार्निश (दातांवरचा फ्लोराइडचा लेप) लावून घ्या. दोन दातांमधली कीड एक्स-रेमध्येच नीट कळते. डाग पिनने टोकरू नका, वरचा पापुद्रा फुटतो. डाग गुळगुळीत, चकचकीत झाला (तपकिरी असला तरी) की कीड बहुधा थांबली.

खड्डा पडला, अन्न अडकू लागलं, तर मात्र बहुतेक वेळा भरावंच लागतं.