खाडीत कायाकिंग: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक किनाऱ्यावरच होते, ती म्हणजे भरतीची वेळ न बघता निघणं. ओहोटी साधारण सहा तासांची. त्यातलं जवळपास निम्मं पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात उतरतं. नवखा माणूस ताशी 4 किमीच्या आसपास वल्हवतो. उधाणाला खाडीच्या मुखाशी ओढही तेवढीच असू शकते. मग हात चालत राहतात, काठ मात्र जागचा हलत नाही.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. हा ढोबळ अंदाज. नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा.

आता पौर्णिमेचाच दिवस घ्या. ओहोटीचा जोर सव्वाएक ते सव्वातीन. नेमका तेव्हाच समुद्रावरून खारा वारा चढतो. पाणी बाहेर, वारा आत. मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. अमावास्या-पौर्णिमेच्या दुपारी तिकडे फिरकूच नये. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी निघा, चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जा आणि पाणी उतरू लागताच मागे फिरा.

लाइफ जॅकेट ‘ढिलं बरं वाटतं’ म्हणून सैल ठेवू नका. पट्टे आवळा, मग कुणाला तरी खांद्यावरचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात अंगावरून निघेल. कायाकचं बूचही तेव्हाच तपासा.

डोल जाळ्यांचे, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे, खुंट लांबून टाळा. तरीही प्रवाहाने कायाक आडवी खुंटाला लावलीच, तर अंग खुंटाच्या बाजूला झुकवा. भीतीने उलट्या बाजूला कललात की वरच्या अंगाने पाणी कायाकवर चढतं आणि ती पालथी होते. पडलात तर कायाक सोडू नका. उघड्या बैठकीची असेल तर आधी सुलटी करा, पाय मागे हलवत पोटावर आडवे चढा, मग वळून बसा.

ओहोटीला चिखलात रुतलात तर उतरून ढकलायचा मोह होतोच. खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत सहज गिळतो. कायाकमध्येच बसून राहा, पाणी परत चढेपर्यंत. म्हणून दोन लिटर पाणी, टोपी आणि जलरोधक पिशवीत फोन.