सशाचं कालवण मऊ हवंय? मग भगुन्यात उकळी येऊ देऊ नका

सशाचं मटण कोरडं नि चिवट लागतं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते कुकरमध्ये शिट्ट्या काढून शिजवलेलं खाल्लेलं असतं. नीट शिजलेल्या सशाचं मांस हाडावरून अलगद सुटतं, मऊ लागतं आणि काळ्या मसाल्याची चव आतपर्यंत घेतं.

हे सगळं पाळीव सशाबद्दल आहे, मांसासाठी वाढवतात त्या न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला अशा जातींबद्दल. तुरीतून-हरभऱ्यातून पळणारा रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला मारणं गुन्हा, त्याचं मांस विकत घेणंही गुन्हा. "रानातला आहे, चव बघा" म्हणत कुणी पिशवी पुढे केली तर घेऊ नका.

तीन-चार महिन्यांचा, जिवंतपणी दोन-सव्वादोन किलो भरणारा ससा घ्या. साफ करून साधारण निम्मं वजन हाती येतं. मांस फिकट गुलाबी असावं. काळजावर पांढरे ठिपके किंवा गाठी दिसल्या तर ते जनावर आजारी होतं, दुसरं मागा.

तोडताना समोर उभे राहा. सशाची हाडं बारीक असतात. कोयत्याचा घाव बसला की त्यांच्या सुईसारख्या कपच्या होतात आणि त्या रश्श्यात दिसतही नाहीत. म्हणून सांध्यावरच सुरी चालवायला सांगा: मागच्या दोन तंगड्या, पुढचे दोन पाय, पाठीचे तीन-चार तुकडे, बरगड्या वेगळ्या. पाठीवरचा चकाकणारा पातळ पापुद्रा घरी सुरीच्या टोकानं सोलून काढा. तो राहिला तर शिजताना आवळतो आणि तुकडा वाकडा होतो.

आता मुरवणं. कच्ची पपई लावू नका, वरचा थर लगदा होतो आणि आतलं मांस होतं तसंच राहतं. लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायचा सल्लाही सोडून द्या. एक लिटर गार पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात तुकडे बुडवून चार तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग निथळून घ्या. मिठामुळे मांसात पाणी टिकून राहतं. पुढे मीठ घालताना याची आठवण ठेवा.

यानंतरचा टप्पा अळणी शिजवण्याचा. सगळं इथेच बनतं किंवा बिघडतं, आणि मलाही याच टप्प्यानं बराच काळ छळलं.

बोकडाच्या मांसात चरबी असते. आच थोडी जास्त झाली तरी ती सांभाळून घेते. सशाच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच. पाणी खळखळ उकळलं की मांसाचे धागे आवळतात, आतलं पाणी पिळून बाहेर जातं आणि त्याची जागा भरायला काहीच उरत नाही. आणखी शिजवलं तर मऊ होईल, हा समज इथे चालत नाही. धागे सुटतात, पण तोंडात भुसा येतो. उलट तंगडीच्या सांध्यांजवळचे चिवट पडदे विरघळायला वेळ लागतो. म्हणजे वेळ भरपूर द्यायचा आणि आच अगदी कमी ठेवायची. कुकरमध्ये हे जमत नाही. कुकर वापरायचा असेल तर ससा आणूच नका.

जाड बुडाच्या भगुन्यात चार-पाच पळ्या करडईचं तेल तापवा. मटणाला घालता त्यापेक्षा तेल जास्त लागतं, हात आखडू नका. त्यात कांदा, आलं-लसूण, हळद आणि मग तंगड्या, पुढचे पाय, बरगड्या पाच मिनिटं परता. मांस बुडेल इतकं गरम पाणी घाला. पहिला बुडबुडा दिसला की आच बारीक करा आणि वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओता. भगुन्यात कमी पडलं तर हेच गरम पाणी घालायचं, नळाचं गार पाणी नाही. झाकण उचलून बघाल तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरत असावा, मध्येच एखादा बुडबुडा फुटावा. मोठा गॅस बारीक करूनही आच जास्त वाटत असेल तर खाली तवा ठेवा. चूल असेल तर लाकडं बाहेर ओढून निखाऱ्यावर शिजू द्या.

पाठीचे तुकडे सुरुवातीलाच टाकू नका. तंगड्यांना सव्वा तास लागतो, पाठीला पस्तीस-चाळीस मिनिटं पुरतात. म्हणून पाठ पस्तीस-चाळीस मिनिटांनंतर घाला, काळीज शेवटच्या पाच-सात मिनिटांत. झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका, तंगडीच्या खालच्या टोकाकडे बघा. मांस वर सरकून तिथलं हाड बोटाच्या पेराएवढं उघडं पडलं आणि सुरीचं टोक सांध्यात अडखळल्याशिवाय शिरलं, की शिजलं. जून ससा मिळाला असेल तर दोन तासही लागतील. लागू द्या, पण आच वाढवू नका.

वाटण नेहमीचंच: भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, चमचाभर तीळ. कढईत तेल सुटेपर्यंत परता, तीन चमचे काळा मसाला घाला, अळणीचं पाणी ओतून ही उकळी मात्र चांगली येऊ द्या. दोन चमचे येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ, गार पाण्यात कालवून लावा. कोरडं टाकलंत तर गाठी होतील. रस्सा दाटला की गॅस बारीक करून मांस त्यात सोडा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मीठ आता चाखून घाला.

सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. लहान मुलांच्या ताटात बरगड्या वाढू नका, पाठीचा तुकडा हाड काढून द्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करताना आधी तुकडे बाहेर काढा, रस्सा एकटा उकळा आणि गॅस बंद करून तुकडे परत त्यात सोडा. झाकण ठेवलं की पाच-सात मिनिटांत तेही आतून गरम होतात.