जेवणानंतर गाडी चालूच होईना, शेवटी कंडेन्सर निघाला

क्लबच्या राइडला माझी जुनी सिंगल सिलिंडर बाइक सकाळभर मस्त पळाली, जेवायला तासभर थांबलो आणि निघताना किक मारतोय मारतोय तर चालूच होईना, बाकीच्यांच्या गाड्या धडधडायला लागलेल्या आणि माझ्या जिवाची नुसती घालमेल. पेट्रोल येत होतं. प्लग काढून इंजिनाच्या हेडला टेकवून किक मारली तर स्पार्क पिवळा, मरतुकडा. क्लबातले एक काका म्हणाले, "अरे पॉइंटचं झाकण काढ आधी." काढलं, किक मारली, तर पॉइंट (प्लगला स्पार्क मिळावा म्हणून करंट तोडणारा, उघडझाप करणारा छोटा स्विच) उघडताना तिथेच निळ्या-पांढऱ्या ठिणग्या आणि टोकं काळी पडलेली. म्हणजे कंडेन्सर, पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारा छोटा कपॅसिटर, गेला.

उभ्या गाडीला वारा लागत नाही, इंजिनाची उष्णता आजूबाजूला मुरते आणि म्हातारा कंडेन्सर तापला की दगा देतो, गार झाला की परत चालतो, म्हणून घरी हा फॉल्ट सापडतच नाही.

काकांकडे स्पेअर होता, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. जुन्याची वायर सोडवली (हे विसरू नका, तो आतून शॉर्ट असेल तर नवीन लावून काही उपयोग नाही), नव्याची पॉइंटच्या वायरला जोडली, बॉडी टाकीखालच्या बोल्टला, अर्थ नीट मिळावा म्हणून रंग खरवडून, कसली. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने (फट मोजायची पातळ पट्टी) पॉइंटचा गॅप ०.४ एमएम केला, माझ्या गाडीला तेवढाच लागतो.

दुसऱ्या किकला चालू! सगळे माझ्यासाठी थांबले होते, फार भरून आलं. कंडेन्सर अजून तिथेच आहे, इंजिनापासून लांब.