एकट्याने खेळताय? डंजनच्या दाराशी अडकवणाऱ्या या चुका टाळा

रात्री इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागतात, त्याच सुमारास रामबागेतल्या आमच्या घरी मी कॉम्प्युटर सुरू करतो. दिवसभर ऑफिसात माणसांशी बोलून झालेलं असतं. त्या वेळी कुणाची वाट न बघता ऑनलाइन गेममधल्या जंगलात भटकावं, दोन क्वेस्ट (छोट्या कामगिऱ्या) कराव्यात, एवढीच इच्छा असते.

मागच्या पावसाळ्यात फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये मी चार जणांच्या डंजनमध्ये, म्हणजे ग्रुपने पार करायच्या मोहिमेत, हीलर (साथीदारांच्या जखमा भरणारा) होतो. शेवटचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, अर्ध्यावर आला आणि लाइट गेली. परत आत शिरेपर्यंत तिघंही जमिनीवर पडलेले होते. चॅटमध्ये एकच ओळ होती, "हीलर कुठे गेला?" मला इतकं वाईट वाटलं की पुढचे तीन महिने मी एकाही ग्रुपमध्ये गेलो नाही. गोष्ट तिथेच अडकली, कारण पुढचा रस्ता डंजनमधूनच जात होता.

चूक लाइटची नव्हतीच. ग्रुपशिवाय तो रस्ता कसा पार करायचा, हे मी शोधलंच नव्हतं. या गेममध्ये २०२२ पासून 'ड्यूटी सपोर्ट' आहे. मुख्य कथेतल्या डंजनमध्ये बाकीचे तिघं कॉम्प्युटर चालवतो, साथीदार मिळेपर्यंत रांगेत थांबावं लागत नाही आणि तुमच्यामुळे कुणाचा खोळंबा होत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०२४ च्या जानेवारीत फॉलोअर डंजन (साथीला कॉम्प्युटरचीच पात्रं) आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेल्व्ह्ज, म्हणजे छोट्या मोहिमा, ज्या एकट्यालाही जमतात आणि पाच जणांनाही. अडकलात की आधी मेनू नीट उघडून बघा. मात्र फायनल फँटसीतल्या आठ जणांच्या काही लढायांना अजूनही खरी माणसं लागतात. त्या कोणत्या, हे आधीच पाहून ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी उरका.

दुसरी चूक म्हणजे पहिल्या वीस लेव्हल बघून गेम निवडणं. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये निदान आडपडदा नव्हता. बहुतेक क्लासना (पात्रांच्या प्रकारांना) सुरुवातीच्या लेव्हल ओलांडल्या की ग्रुप लागायचाच. मेलात तर अनुभवाचे गुण जायचे आणि सामान प्रेताजवळ राहायचं, ते आणायला पुन्हा तिथवर धावत जावं लागायचं. २००४ मध्ये आलेल्या वॉरक्राफ्टमध्ये साठाव्या लेव्हलपर्यंत एकट्याने जाता येत होतं, पण तिथे पोचल्यावर पुढ्यात चाळीस जणांची रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी चढाई. एकट्याने खेळणाऱ्याला खरा धक्का तिथे बसतो. म्हणून सुरुवातीलाच विचारा: शेवटच्या लेव्हलनंतर एकट्याला काय करता येतं?

माझं मत सांगतो. रेडला माणसं लागावीत, तिची मजाच त्यात आहे. पण कथेचा पुढचा पानभर भाग बघायला मला अनोळखी तिघांची वेळ जुळवावी लागणं, हे मला कधीच पटलेलं नाही. एकट्याने खेळणाऱ्याला माणसांचा तिटकारा असतो, असंही नाही. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (रोषणाईचे चित्ररथ) बघायला आपण एकटे जातो, रात्रभर गर्दीत उभे राहतो, आणि ती गर्दी आपल्याला हवी असते. २०१२ चा गिल्ड वॉर्स २ हे नेमकं ओळखतो. मैदानात मोठा राक्षस आला की जो तो धावतो, पार्टीत घ्या म्हणून विचारावं लागत नाही, आणि लूट ज्याची त्याला वेगळी मिळते.

ग्रुपमध्ये जायचंच असेल तेव्हा घड्याळ बघा. डंजन पॉज होत नाही. खालून आईची हाक येते, "ये ना रे, पोळी ठंडी होऊन राहिली," आणि तुम्ही दुसऱ्या बॉससमोर असता. मध्येच सोडलं तर तीस मिनिटं पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही, शिवाय उरलेल्यांचाही खेळ बिघडतो. जेवून घ्या, मग रांगेत लागा.

रांग फार लांबत असेल तर बहुधा तुम्ही डीपीएस (शत्रूवर मारा करणारे) आहात. चार जणांत एक टँक (पुढे राहून वार झेलणारा), एक हीलर आणि दोन डीपीएस, पण डीपीएस घेणाऱ्यांचीच झुंबड असते. टँक घेतलात तर बरेचदा लगेच आत जाल. रस्ता माहीत नसताना टँक होऊ नका, तोच डंजन आधी ड्यूटी सपोर्टमध्ये एकदा करा.

आणि गप्प राहू नका. आत शिरताच "पहिलीच वेळ" एवढं लिहा. फायनल फँटसीत पार्टीत नवखा असला की बाकीच्यांना जादा बक्षीस मिळतं, त्यामुळे सहसा कुणी कुरकुरत नाही.

मी राउटरला छोटा यूपीएस लावला आणि खेळायला लॅपटॉप घेतला. आता हीलर म्हणून शिरलो की सुरुवातीलाच लिहितो, "आमच्याकडे लाइट जाते, दोन मिनिटं दिसलो नाही तर थांबा." परवा खरंच गेली, आणि नेटही काही सेकंद तुटलं. परतलो तेव्हा तिघंही बॉसच्या दाराबाहेर बसून होते.