बेलफास्टच्या सेशनमध्ये बसायचं असेल तर

पबमध्ये टेबलाभोवती बसून आयरिश संगीत वाजवतात, त्याला सेशन म्हणतात. तिथे गेलात तर वाद्य पिशवीतच राहू द्या. आधी काहीतरी प्यायला घ्या (मी दारू पित नाही, आल्याचं पेय घेते, कुणी वळूनही बघत नाही), भिंतीकडेच्या बाकावर बसा आणि निदान तीन आठवडे नुसतं ऐका.

दरवर्षी क्वीन्स विद्यापीठात शिकायला आलेली दोन-तीन मराठी मुलं मला गाठतात. कुणी बासरी शिकलेलं असतं, कुणी ढोल पथकात दोन-तीन गणपती काढलेले असतात. शनिवारी गावात भटकताना पबच्या खिडकीतून फिडल ऐकू येते आणि मग मेसेज येतो, "ताई, आपल्याला बसता येईल का हो तिथे?" येतं. मी मिरजेची, पेटी शिकलेली, इथे इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करते. मला बसायला दीड वर्ष लागलं. त्यातले सहा महिने काय वाजवायचं हे शिकण्यात गेले आणि उरलेलं वर्ष कुठे काय वाजवायचं नाही हे कळण्यात.

सेशन म्हणजे मैफल नव्हे. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर चक्री भजन. मधे टेबल, भोवती पाच-दहा जण, माईक नाही. एक जण चाल धरतो, ज्यांना येते ते मिळतात, ज्यांना येत नाही ते गप्प बसतात. हे शेवटचं नीट वाचा. "अंदाजाने मागून वाजवत राहू, जमेल" हे इथे चालत नाही. प्रत्येक चालीचे दोन भाग, दोन्ही दोन-दोनदा. अशी अख्खी चाल तीनदा झाली की न थांबता दुसरी, मग तिसरी. याला सेट म्हणतात. दुसऱ्या चालीकडे वळताना धरणारा फक्त भुवई उडवतो. तेव्हा मान खाली घालून वाजवू नका.

जिग सहा मात्रांची, कानाला दादऱ्याजवळची. रील केरव्याच्या अंगाची, पण धावती. पट्टी बहुतेक वेळा पांढरी दोन, नाहीतर पांढरी पाच. पेटी शिकलेल्यांना आनंद व्हावा अशी गोष्ट म्हणजे या चालींचे स्वर आपल्या थाटांत चपखल बसतात: बिलावल, खमाज, काफी, क्वचित आसावरी. मी माझ्या वहीत चाली अशाच लिहून ठेवल्यात, "काफी, रील, सोमवारी म्हातारबुवांनी धरलेली". नावं कळतील तेव्हा कळतील. तिथल्या निम्म्या लोकांनाही ती आठवत नसतात.

सुरुवातीला पत्र्याची टिन व्हिसल घ्या, डी पट्टीची. सहा भोकं, दहा-पंधरा पौंडांत मिळते. बासरीवाल्यांना फुंक फार सोपी वाटेल, पण बोटं सरकवायची खोड मोडावी लागेल. इथे आपला खटका चालतो, मींड खटकते. मला शिकवणारे गृहस्थ निवृत्त बसचालक आहेत. पहिल्या दिवशी मी एका स्वरावरून दुसऱ्यावर ओढत गेले, तेव्हा म्हणाले, "पोरी, बस वळवायचीय, विमान नाही."

ताल येतो म्हणून थेट बौरान उचलू नका. बौरान म्हणजे आपल्या दिमडीची थोरली बहीण, लाकडी कड्यावर बकरीचं कातडं, एका हाताने आतून दाब द्यायचा आणि दुसऱ्या हातातल्या छोट्या काठीने वाजवायचं. एका टेबलाला एकच बौरान हा अलिखित नियम आहे. आधीच कुणी वाजवत असेल तर तुमचं पिशवीतच राहील. आपल्या पोरांचा नेमका इथेच घोटाळा होतो, कारण तालाच्या बाबतीत आपल्याला वाटतं की आपण जगाला शिकवायला आलोय.

इथवरचं गॉलवेत किंवा डब्लिनमध्येही लागू पडेल. पुढचं फक्त इथलं.

कुठल्या दारातून आत जाता हे इथे वाद्याइतकंच महत्त्वाचं आहे. 1921 मध्ये आयर्लंडचं बेट तोडलं गेलं. उत्तरेत, म्हणजे बेलफास्ट आहे त्या भागात, प्रोटेस्टंट युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू पाहणारे) बहुसंख्य राहिले, कॅथलिक नॅशनलिस्ट (एकसंध आयर्लंड मागणारे) अल्पसंख्य. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 10 एप्रिल 1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारापर्यंत या संघर्षात साडेतीन हजारांवर माणसं मेली. कॅथलिक फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंट शँकिल रोड यांच्यामधली भिंत अजून उभी आहे, तिच्यातली काही फाटकं रात्री बंद होतात. वादकांनाही यातून सूट नव्हती: 31 जुलै 1975 च्या रात्री डब्लिनला परतणाऱ्या मायामी शोबँडची गाडी खोट्या तपासणी नाक्यावर थांबवून तिघा वादकांना मारलं गेलं. त्या बँडमध्ये दोन्ही धर्मांची मुलं होती. म्हणून नवख्याने शहराच्या मध्यभागापासून सुरुवात करावी. बेरी स्ट्रीटवरचं मॅडन्स आहे, जवळच केलीज सेलर्स आहे. सनफ्लॉवर पबच्या दारावर 1980 च्या दशकातला लोखंडी पिंजरा अजून आहे, आता लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. तेव्हा त्या पिंजऱ्यात उभं राहून आत घेण्याची वाट बघावी लागायची.

कोण कुठला हे विचारू नका. लोकांना ते न विचारता कळतं, आणि तुमच्याबद्दलही ते अंदाज बांधतात: आडनाव, शाळा, अगदी इंग्रजी आठवं अक्षर कसं म्हणता यावरून. कॅथलिक शाळांत ते "हेच", प्रोटेस्टंट शाळांत "एच". आपण सगळे "एच"वाले, म्हणजे मी काही वर्षं नकळत एका बाजूची होते. वायव्येकडच्या शहराला डेरी म्हणायचं की लंडनडेरी, याला सरळ उत्तर नाही. समोरचा म्हणेल ते तुम्ही म्हणा.

आता माझी फजिती. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता, मला व्हिसल वाजवायला सांगितलं. मी यूट्यूबवरून शिकलेली एक गोड, संथ चाल वाजवली. मला वाटलं प्रेमगीत असेल. अर्ध्यावर एक मध्यमवयीन गृहस्थ खुर्ची सरकवून, कुणालाही न दुखावता, बाहेर गेले. चालीवरचे शब्द ज्या संघटनेचं कौतुक करत होते, तिच्या बॉम्बमध्ये त्यांचा भाऊ गेला होता. हे मला चार दिवसांनी तिसऱ्याच माणसाने सांगितलं. तेव्हापासूनचा माझा नियम: नुसती नाचाची चाल कुठेही चालते, पण जिच्यावर शब्द आहेत तिचे शब्द वाचल्याशिवाय घराबाहेर वाजवायची नाही.

याची दुसरी बाजूही बघा. ऑरेंजवाले (प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज ऑर्डर संघटनेचे लोक) ज्या चालीवर 1690 च्या बॉइनच्या लढाईतला प्रोटेस्टंट राजा विल्यमचा विजय गातात, त्याच चालीवर दक्षिणेच्या मन्स्टरमधल्या एका आयरिश कवीचं जेकोबाइट गीत आहे, हरलेल्या कॅथलिक राजाच्या बाजूचं. चाल बिचारी दोघांचीही भाकरी भाजते.

आणि "हे तर कॅथलिकांचं संगीत" असं कुणी म्हणालं तर मनात 1792 आठवा. जुलैमध्ये बेलफास्टच्या व्यापारी मंडळींनी, त्यातले बरेच प्रेसबिटेरियन (प्रोटेस्टंटांचाच एक पंथ), उरलेसुरले हार्पवादक गोळा केले. दहा आयरिश, एक वेल्श. त्यांच्या चाली उतरवून घ्यायला बसवला तो 19 वर्षांचा चर्चमधला ऑर्गनवादक एडवर्ड बंटिंग, प्रोटेस्टंट. सर्वांत वयस्क डेनिस हेम्पसन नव्वदी उलटलेले, जुन्या पद्धतीने नखांनी तारा छेडणारे. बंटिंग राहायचा मॅकक्रॅकन कुटुंबाकडे; त्याच घरातला हेन्री जॉय सहा वर्षांनी ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या बंडाबद्दल फासावर गेला. आज सेशनमध्ये कुणी जुनी हार्पची चाल धरली, तर ती त्या पोराच्या वहीतून आलेली असण्याची बरीच शक्यता असते. (मनात आठवा म्हटलंय. टेबलावर व्याख्यान देऊ नका, मी दिलेलं आहे.)

मग हे संगीत एकाच बाजूचं असं वाटण्याची दरी आली कुठून? एक उदाहरण पुरे. या संगीताची सगळ्यात मोठी संस्था कोल्तस, 1951 ची. तिचा वार्षिक मेळा म्हणजे फ्ला. 1971 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या विनाखटला स्थानबद्धतेच्या निषेधार्थ कोल्तसने तो रद्द केला. निषेध योग्य होता असं माझं मत, पण पूर्व बेलफास्टमधल्या प्रोटेस्टंट फिडलवाल्याने त्यातून काय समजायचं ते समजलं. फ्ला उत्तर आयर्लंडमध्ये यायला 2013 उजाडलं. डेरीत झाला, आणि तिथल्या प्रोटेस्टंट बँडवाल्यांनीही भाग घेतला. मधल्या काळात मात्र अँट्रिमचा प्रोटेस्टंट गायक लेन ग्रॅहम आणि दक्षिण आर्माचा कॅथलिक गोष्टीवेल्हाळ जॉन कॅम्पबेल जोडीने गावोगाव हिंडत होते, दोन्हीकडच्या मुलांसमोर.

म्हणून माझा आग्रह असतो की नुसत्या सेशनमध्ये बसून परत जाऊ नका. उन्हाळ्यात एकदा लँबेग ऐका. तीन फुटांहून जास्त व्यासाचा, साधारण 18 किलोंचा ढोल, गळ्यात अडकवून दोन वेतांनी वाजवतात. आवाज 120 डेसिबलपर्यंत जातो. कानात बोळे घाला, लाजू नका. 12 जुलैच्या ऑरेंजवाल्यांच्या मिरवणुकीत तो धाक घालायला वाजतो असं पलीकडचे, म्हणजे कॅथलिक, म्हणतात, आणि तसा वाजलेलाही आहे. पण अँट्रिम-आर्माच्या खेड्यांत त्याच्या स्पर्धा होतात तिकडे जा. तिथे बॅनर कमी, चहा जास्त. दोर ताणून ताणून ढोल सुरात आणायलाच बराच वेळ जातो. परीक्षक जवळून फिरतात आणि जोर नव्हे, नाद तोलतात. ढोलाच्या पानाला बोट लावून कान देणारी माणसं मला तिथे भेटली, ती हुबेहूब मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली.

मिरवणूक बघायचीच असेल तर लांबून बघा, आणि तिचं वेळापत्रक वाचा. कुठल्या रस्त्यावरून, किती वाजता, काय वाजवत जायचं यावर इथे परेड्स कमिशन निर्बंध घालू शकतं. डोनेगल स्ट्रीटवरच्या सेंट पॅट्रिक या कॅथलिक चर्चसमोर 2012 मध्ये मिरवणुकीतल्या एका प्रोटेस्टंट बँडने गोल फिरत वाजवलं, त्यावरून मोठा गदारोळ झाला. नंतर त्या चर्चसमोरून जाताना धार्मिक चाल किंवा नुसता एकेरी ठोका एवढंच, अशा अटी आल्या. बसचालक गुरुजी मला हे समजावून सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, राहू द्या. मशिदीसमोर ताशा थांबवायचा की नाही यावर आमच्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ डोकी फुटतायत. 2009 मध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरून माझ्याच गावात दंगल झाली. त्याच गावात मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे, आणि उरुसाला तिथे सगळे येऊन गातात. दोन्ही खरं आहे. गुरुजींनी यावर काही म्हटलं नाही, मला एक जिग पुन्हा वाजवायला लावली.

शेवटचं, कधी दोन्हीकडच्यांना एकत्र बोलवावंसं वाटलं तर. "सलोखा" हा शब्द पत्रिकेवर छापू नका. अशा कार्यक्रमांना लोक जेवढे विटलेत तेवढे भाषणांनाही विटले नसतील. झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही, जेवण आधी. आणि व्यवहाराची अडचण ध्यानात घ्या: बंद हॉलमध्ये लँबेगपुढे बौरान कुणाला ऐकूच येत नाही. रॉय आर्बकल यांच्या डिफरंट ड्रम्स ऑफ आयर्लंडने हे दोन्ही एका मंचावर आणले, पण त्यासाठी थोरल्या ढोलाला हळू वाजवावं लागतं.

गेल्या खेपेला आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही लँबेगवाले आणि बौरानवाले अशा दोघांनाही बोलावलं. परक्याच्या अंगणात यायला दोघांनाही जड गेलं नाही. कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याने हलगी आणली होती. (ती आपल्याकडे कुठल्या घरांत वाजायची आणि कुठल्या घरांत शिवायचीही नाही, हे त्याने स्वतःच मंचावरून सांगितलं, मला ते जमलं नसतं.) हलगी शेकायची तर हॉलमध्ये जाळ करता येईना, म्हणून तो स्वच्छतागृहात हेअर ड्रायर लावून बसला. आवाज ऐकून लँबेगवाले आजोबा आत डोकावले. मागोमाग बौरानवाला आला, त्याला कातड्यावर शिंपडायला पाणी हवं होतं, कारण हॉलच्या उष्म्याने त्याचं पान फार ताणलं होतं. एक कातडं तापवतोय, एक भिजवतोय, एकाचे दोर अजून गाडीत अर्धे ओढलेले. मी जेवायला बोलवायला गेले तर तिघं बेसिनपाशी उभे, आणि आजोबा हलगीवर अंगठा फिरवत त्या पोराला विचारत होते, "शेळीचं की बोकडाचं?"