पिशवीवर मशीन एम्ब्रॉयडरी करताय? मग या चुका टाळा

संक्रांत जवळ आली की कापडी पिशव्यांच्या ऑर्डरी सुरू होतात, वाणाला, लग्नात रिटर्न गिफ्टला, डोहाळजेवणाला, आणि सगळ्यांना त्यावर नाव नाहीतर छोटी नक्षी हवीच असते. मी घरच्या एका सुईच्या कॉम्प्युटर मशीनवर हे काम करते आणि नवीन शिकणाऱ्या मैत्रिणींचे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात, "ताई, मशीन बिघडलंय". दहातल्या आठ वेळा मशीनला काहीही झालेलं नसतं, घोळ कापडाच्या तयारीत आणि हूपमध्ये, म्हणजे कापड पकडून ठेवणाऱ्या दुहेरी रिंगमध्ये, असतो. म्हणून मेकॅनिकला बोलवायच्या आधी खालचं सगळं एकदा बघून घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तयार शिवलेल्या पिशवीवर काम करायला बसणं. पिशवी हूपमध्ये घातली, वरून छान दिसतंय, मशीन चालू केलं आणि मागची बाजू खाली सरकून त्याच्यासकट शिवली गेली. माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरीत दोन पिशव्यांचं असंच झालं, वीस हजार टाक्यांचं डिझाइन होतं, उसवताना कापडाला भोकं पडली आणि त्या दोन पिशव्या घरातच राहिल्या. तेव्हापासून आधी सपाट कापडावर एम्ब्रॉयडरी आणि मग शिलाई, हाच क्रम. गिऱ्हाईकाने तयार पिशव्याच आणून दिल्या तर एका बाजूची शिलाई उसवून कापड मोकळं करून घ्या, त्याचे वेगळे पैसे सांगा, पण तशीच मशीनखाली घालू नका.

सपाट कापडावर करायचं म्हटलं की दुसरी चूक लगेच होते, डिझाइन कापडाच्या बरोबर मध्यावर घेतलं जातं. पिशवीचा मध्य म्हणजे कापडाचा मध्य नव्हे! समजा कापड 16 इंच उंच कापलंय, वरून दीड इंच दुमडणार, खाली अर्धा इंच शिलाई आणि 6 इंची तळ काढायचा म्हणजे आणखी 3 इंच तळात जाणार. राहिले 11 इंच. म्हणजे डिझाइनचा मध्य वरच्या कापलेल्या कडेपासून 7 इंचावर यायला हवा, 8 वर नाही. एक इंच ऐकायला कमी वाटतो पण पिशवी भरल्यावर डिझाइन तळाकडे घसरल्यासारखं दिसतं. मी खडूने आधी दुमड, तळ आणि बंद कुठे येणार ते आखते आणि मगच मध्याची खूण करते. बंदाची चौकट-फुलीची शिलाई नक्षीवर आली तर सगळी मेहनत झाकली जाते, तेही याच वेळी बघून घ्यायचं.

मांजरपाट आणि साधा कॅनव्हास न धुता वापरू नका. हे कापड पहिल्या धुण्यात आटतं, दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो आटत नाही, मग नक्षीभोवती चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं काम खराब आहे. धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का ते बघा.

आता हूप. चुण्यांचं निम्मं कारण इथेच आहे. बरेच जण कापड हूपमध्ये बसवतात, स्क्रू आवळतात आणि मग कडेने कापड ओढून ताणतात. ओढलेलं कापड हूपमधून सुटलं की परत जागेवर येतं, टाके मात्र ताणलेल्या मापाचे पडलेले असतात, म्हणून इस्त्री केली तरी चुण्या जात नाहीत. स्क्रू आधीच बेताचा आवळून ठेवा, आतली रिंग दाबून बसवा आणि कापड उभ्या-आडव्या धाग्याला सरळ राहील एवढंच बघा. सपाट आणि घट्ट हवं, ताणलेलं नको.

जाड कॅनव्हास हूपमध्ये बसतच नाही किंवा काम चालू असताना टपकन सुटतो, आणि खणावर, मखमलीवर हूपचा वळ उठतो. अशा वेळी हूपमध्ये फक्त स्टॅबिलायझर (कापडाला मागून आधार देणारा पेपर) लावा, त्यावर एम्ब्रॉयडरीचा चिकट स्प्रे हलका मारा (मशीनपासून लांब जाऊन मारा, नाहीतर सगळं चिकट होतं), कापड वर ठेवा आणि डिझाइनच्या बाहेरून चौकोनी कच्ची शिलाई मारून घ्या. मशीनमध्ये तो पर्याय नसेल तर हाताने टाचा. स्टॅबिलायझर कुठला? घट्ट विणीच्या कॅनव्हासला फाडून काढायचा पेपर पुरतो. पातळ मांजरपाट किंवा भरगच्च नक्षी असेल तर कापून काढायचा लावा, तो आत राहतो पण अस्तर लावलं की दिसत नाही. तागाच्या पिशवीवर वरूनही पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवा, नाहीतर टाके विणीत बुडतात आणि अक्षरं अर्धी गायब होतात.

सुई पण बघा. जाड कॅनव्हासला 90/14 ची टोकदार, साध्या सुती कापडाला 75/11, आणि साधारण आठ तास टाके मारून झाले की सुई बदलायचीच, ती तुटायची वाट बघायची नाही. टकटक आवाज येतोय, दोरा सारखा तुटतोय तर आधी सुई बदला, मग वेग कमी करा, मिनिटाला 400-500 टाके जाड कापडाला भरपूर झाले.

खाली दोऱ्याचा गुंता होतो तेव्हा सगळे बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) नावं ठेवतात. खरं कारण बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतं. प्रेसर फूट (कापड दाबणारा पाय) खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही, वरचा दोरा सैल सुटतो आणि खाली गोळा होतो. फूट वर उचला, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. एवढ्यानेच बऱ्याचदा सुटतं. टेन्शन बरोबर आहे का हे मागून कळतं, सॅटिन टाक्याच्या (एकाला एक लागून मारलेले, चमकणारे टाके) मागे मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्याचा दिसायला हवा.

आता मराठी नावं, यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे आपली भाषा खराब दिसते आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. तयार फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी शिवली जाते, मग "आनंदी" लिहिलं की आ आणि न च्या मध्ये सांधा दिसतो. शिवाय शिरोरेषा आडवी म्हणून तिचे टाके उभे पडतात, ते कापडाला वरखालून आत ओढतात, रेषा बारीक होते आणि खालच्या दांड्यापासून सुटते. भिंगातून बघितलं तर मध्ये कापडाची पांढरी फट दिसते. उपाय असा की दांडे शिरोरेषेत अर्धा मिलिमीटर तरी घुसवायचे, पुल कॉम्पेन्सेशन द्यायचं (टाके आत ओढले जातात म्हणून आकार आधीच थोडा रुंद ठेवायचा), आणि सगळ्या शब्दाची एकच सलग शिरोरेषा सगळ्यात शेवटी शिवायची. अनुस्वार दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठेवला तर तो टिंब न राहता दोऱ्याची गाठ होते. आणि अक्षराची उंची 10-12 मिलिमीटरच्या खाली नेऊच नका, जोडाक्षर असेल तर आणखी मोठं घ्या. डिजिटायझिंग (नक्षीची मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणं) बाहेरून करून घेत असाल तर हे सगळं लिहून द्या, शिरोरेषा शेवटी हे तर ठळक लिहा.

डीएसटी फाइल (मशीनला दिली जाणारी टाक्यांची फाइल) मशीनवर ओढून मोठी करू नका. त्यात फक्त टाक्यांच्या जागा असतात, मोठी केली की टाके विरळ होतात आणि लहान केली की एकावर एक चढून कापड पत्र्यासारखं कडक होतं. दहा टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे नवीन मापात करून घ्या. पिशवीवर 7-8 मिलिमीटरपेक्षा रुंद सॅटिनही नको, किल्ल्या, बांगड्या अडकून टाके ओढले जातात, तिथे भराव टाका (छोट्या टाक्यांच्या ओळींनी भरणं) घ्या.

इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून. हल्ली मिळणारा बराच खण पॉलिएस्टरचा असतो, त्याला गरम इस्त्री लावली तर चिकटतो.

आणि लाइट गेली तर हूप काढू नका. काही मशीन जागा लक्षात ठेवतात, काही नाही, म्हणून मी दर रंगाला स्क्रीनवरचा टाक्यांचा आकडा वहीत लिहिते. लाइट आली की त्या आकड्यापासून पुढे जात काम थांबलं त्या टाक्यापर्यंत यायचं आणि तिथून दहा-पंधरा टाके मागे जाऊन सुरू करायचं, म्हणजे जोड दिसत नाही.