नेटवर्कवर पासवर्ड चालत नाही? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात तीन संगणक आहेत आणि टॅलीचा सारा हिशेब मालकांच्या संगणकावरील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो. एका सकाळी हिशेबनीसांच्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट आली. त्यांनी रोजचा चार अंकी क्रमांक टाकला, तो नाकारला गेला, म्हणून पुन्हा टाकला आणि सातव्या वेळी वैतागून म्हणाले, "अहो, आत्ता याच नंबरनं कॉम्प्युटर चालू झाला की!"

त्यांचे म्हणणे खरे होते, परंतु तो क्रमांक पिन होता. विंडोजचा पिन ज्या संगणकावर तयार केला त्याच संगणकापुरता चालतो, नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरताना त्याचा उपयोग होत नाही. शिवाय ती चौकट आपल्या नव्हे, तर मुख्य संगणकावरील, म्हणजे ज्यात तो फोल्डर आहे त्या संगणकावरील, खात्याचे नाव आणि पासवर्ड मागत असते. नुसते नाव टाकून भागत नसेल, तर आधी मुख्य संगणकाचे नाव, मग उलटी तिरकी रेघ (\) आणि त्यानंतर खात्याचे नाव असे लिहावे. त्या कार्यालयाचे काम तेवढ्यानेच सुरू झाले.

कटकट नको म्हणून मुख्य संगणकाचा पासवर्डच काढून टाकण्याचा उपाय अनेकजण करतात आणि नेमके तिथेच फसतात, कारण पासवर्ड नसलेल्या खात्याने केवळ त्या संगणकासमोर बसूनच आत जाता येते. नेटवर्कवरून आलेली तशी विनंती विंडोज मुळातच नाकारते. त्यापुढची पायरी म्हणजे शेअरिंगचे पासवर्ड संरक्षणच बंद करणे. ती मला अजिबात मान्य नाही, कारण मग तेच वायफाय वापरणाऱ्या कोणालाही शेअर केलेले फोल्डर उघडता येऊ शकते, आणि कार्यालयाचा वायफाय पासवर्ड किती पाहुण्यांना दिलेला असतो हे आपण जाणतोच.

पासवर्ड बदलल्यानंतर उद्भवणारा घोटाळा याहून फसवा असतो. 'माझी माहिती लक्षात ठेवा' या खुणेमुळे जुना पासवर्ड कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठून राहतो आणि आपल्या नकळत तोच पुढे पाठवला जातो. मोठ्या कार्यालयांत, जिथे ठरावीक चुकांनंतर खाते बंद करण्याचा नियम असतो, तिथे अशी जुनी नोंद किंवा मोबाइलमधील ईमेलचा जुना पासवर्ड खाते पुन्हापुन्हा बंद पाडतो आणि बोल मात्र कर्मचाऱ्याला बसतो. ती नोंद काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

संदेशाबरोबर आलेला क्रमांक न वाचताच चौकट बंद करणे, ही तर सार्वत्रिक सवय आहे. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, १९०९ म्हणजे खाते तात्पुरते बंद झाले. ५ आला तर बहुधा पासवर्ड बरोबर असून फोल्डरची परवानगी दिलेली नसते, तर ५३ आला तर समोरचा संगणकच सापडत नसतो, तेव्हा पासवर्डाच्या मागे न लागता केबल, राउटर आणि मुख्य संगणक सुरू आहे की नाही हे पाहावे. १२१९ आला, तर आपण एकाच संगणकाशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडले जाऊ पाहत आहोत. आधीची जोडणी तोडावी.

टंकलेखनाच्या चुकांबद्दल फार सांगायला नको. कॅप्स लॉक सर्वांना आठवतो, पण जीएसटीचे पत्र मराठीत टाइप केल्यानंतर कीबोर्ड मराठीतच राहिला आहे, हे ठिपक्यांआड दिसत नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलावी आणि चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावरून खात्री करावी.

सर्व्हरवर डोमेन असलेल्या, म्हणजे सर्वांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावरून सांभाळणाऱ्या, कार्यालयांत घड्याळही पाहावे. तेथील केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत संगणक आणि सर्व्हर यांच्या वेळेत साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक असल्यास अचूक पासवर्ड असूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. लाइट जाऊन आल्यावर दरवेळी तारीख कित्येक वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सेल संपला आहे असे समजावे. तो बहुतेक संगणकांत सीआर २०३२ असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संगणक बंद करून, वीजजोड काढून तो बदलावा, तारीख लावावी आणि मगच पासवर्ड टाकून पाहावा.